पंचगंगेच्या पाण्यामागून: कोल्हापूरच्या तलाव-धरणांचे सायकलमार्ग

कोल्हापूर शहराजवळच्या प्रयाग चिखली येथे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येते. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते आणि तिथून पुढच्या नदीला पंचगंगा म्हणतात. या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरतात. प्रत्येकीचे स्वतंत्र खोरे आहे, खोऱ्यातून वर जाणारा रस्ता आहे, वरच्या अंगाला धरणाचा जलाशय आहे आणि जलाशयापलीकडे बहुतेक ठिकाणी कोकणात उतरणारा घाट आहे. दोन खोऱ्यांच्या मधल्या डोंगररांगांवर किल्ले आणि देवस्थाने आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात रोड सायकलिंग करणाऱ्याला एवढा नकाशा डोक्यात ठेवला तरी पुरते. नदीबरोबर जाणारा रस्ता सोपा असतो आणि एका नदीकडून दुसरीकडे जाणारा अवघड.

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशाची रचनाही अशीच आहे. तिथल्या दऱ्या सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या मध्यापासून बाहेर पसरतात, असे वर्णन कवी वर्डस्वर्थने दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मार्गदर्शिकेत केले. त्याच्या मनात अर्थात गाडीचे चाक होते. तिथे फ्रेड व्हिटन चॅलेंज नावाची सुमारे १८० किलोमीटरची प्रसिद्ध सायकलफेरी होते. ती अवघड ठरते ती दऱ्यांमुळे नव्हे, तर एका दरीतून दुसऱ्या दरीत नेणाऱ्या खिंडींमुळे. त्यांपैकी हार्डनॉट खिंडीत काही ठिकाणी तीन फुटांना एक फूट असा चढ आहे. कोल्हापूरकडे इतका क्रूर चढ कुठेच नाही. दोन्हीकडच्या पाण्यात मात्र मूलभूत फरक आहे. लेक डिस्ट्रिक्टची सरोवरे हिमनद्यांनी कोरली. कोल्हापूरचे जवळपास सारे मोठे जलाशय माणसांनी बांधले आणि त्यांची सुरुवात एका राजाच्या निर्णयातून झाली. म्हणून इथला निसर्ग पाहायला निघालेला सायकलस्वार नकळत इतिहासातूनच फिरत असतो.

शहरातल्या पाण्यापासून सुरुवात करावी. रंकाळा तलाव ही मूळची दगडाची खाण होती. अंबाबाईच्या देवळाला लागलेला काळा दगड इथून काढला आणि पुढे भूकंपाने खाणीत पाणी भरले, असे परंपरा सांगते. काठावरच्या नंदीविषयी लोकांत अशीही समजूत आहे, की तो रोज दाण्याएवढा तळ्याकडे सरकतो आणि तळ्यात पोचला की जगबुडी होईल. पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ पाणी उतरले की मोकळा दिसतो. पश्चिम काठावरचा काळ्या दगडाचा शालिनी पॅलेस १९३० च्या दशकात बांधला गेला आणि राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्याला मिळाले. भल्या पहाटे रंकाळ्याभोवती चालणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे वेग वाढवायला ही जागा नव्हे. दक्षिणेकडे गारगोटी रस्त्याला कळंबा तलाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शहराला पाणी देण्यासाठी बांधला. तिथून येणारे पाणी साठवण्याची मंगळवार पेठेतली जागा आजही ‘पाण्याचा खजिना’ म्हणूनच ओळखली जाते. शिवाजी विद्यापीठाशेजारचा राजाराम तलाव, कोटीतीर्थ, रंकाळा आणि कळंबा जोडून शहराभोवती सकाळची एक फेरी होते. नव्याने सायकल घेतलेल्यांची सुरुवात बहुधा याच फेरीने होते आणि ते योग्यही आहे, कारण चढ सौम्य आहेत आणि अडचण आली तर घर जवळ असते.

पहिली खरी चढण पन्हाळ्याची. शहरातून पंचगंगेच्या शिवाजी पुलावरून रत्नागिरी रस्त्याला लागताना डाव्या-उजव्या बाजूला घाट आणि ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४० च्या दशकात या टेकडीच्या उत्खननात रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू सापडल्या. त्यांतली समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सह्याद्रीच्या घाटांतून कोकणातल्या बंदरांचा माल इथवर येत होता, याचा तो हाताएवढा पुरावा. आज ज्या घाटरस्त्यांवर सायकली चालतात ते काही पर्यटनासाठी पडलेले नाहीत.

केर्लीपर्यंत रस्ता जवळपास सपाट आहे. तिथून उजवीकडे जोतिबाला, म्हणजे वाडी रत्नागिरीला रस्ता चढतो. सरळ गेल्यास वाघबीळ येते आणि तिथून पन्हाळ्याचा घाट सुरू होतो. कोल्हापूर ते पन्हाळा हे अंतर सुमारे २० किलोमीटर आहे. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तर गड पावणेदहाशे मीटरवर. म्हणजे चारेकशे मीटरची उंची मिळवायची आणि तीही बहुतेक शेवटच्या टप्प्यात. चढ एकसारखा आहे. दम राखून, हलका गिअर लावून चढणाऱ्याला तो साथ देतो. वाघबिळालाच जोर लावणारा मात्र बुरुज दिसायला लागेपर्यंत संपलेला असतो. शहरातले अनुभवी सायकलस्वार नवख्याला हा घाट बसूनच चढायला सांगतात, उभे राहून पेडल मारायचे ते शेवटच्या वळणावर.

पन्हाळा शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभा केला. गडावर सायकल घेऊन गेलेल्याला एक मोठी सोय आहे. वस्ती आणि रस्ते वरच असल्यामुळे तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी, अंबरखाना ही सगळी ठिकाणे सायकलवरूनच पाहता येतात. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या धान्यकोठ्यांसमोर उभे राहिले, की १६६० च्या वेढ्याचे गणित कळते. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने मार्चपासून गडाला वेढा घातला होता. आत धान्य आणि पाणी होते म्हणून चार महिने निघाले. १२ जुलैच्या रात्री भर पावसात शिवाजी महाराज गडाबाहेर पडले. महाराजांचे सोंग घेतलेला शिवा काशीद पकडला गेला आणि मारला गेला. दुसऱ्या दिवशी विशाळगडाच्या वाटेवरच्या घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, पाठलाग रोखताना बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे सोबती पडले. कवी मोरोपंतांचा जन्मही पन्हाळ्याचाच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशातील बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. यामुळे वाहनांची गर्दी वाढणार हे उघड आहे. शनिवार-रविवारी सकाळी नऊच्या आत गड चढून उतरणे चांगले. गडावर झुणका-भाकरी, ठेचा आणि मडक्यातले दही मिळते, तेवढ्यासाठी थांबणे वाया जात नाही.

पन्हाळ्याहून परतताना गिरोलीच्या बाजूने जोतिबा गाठता येतो. ही जोडणी मूळ रस्त्यापेक्षा शांत आणि देखणी आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात आणि सगळा डोंगर गुलालाने माखतो. त्या दिवसांत सायकलने तिकडे जाऊ नये, एरवी कधीही जावे. जवळच पोहाळ्याला डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. गुलालाच्या डोंगरापासून ती इतकी जवळ असून तिकडे फार कमी लोक वळतात, याचे वाईट वाटते.

भोगावतीचा रस्ता हा या साऱ्या मार्गांचा कणा. रंकाळ्यावरून वाशी, हळदी, भोगावती, घोटवडे, कौलव अशी गावे घेत तो राधानगरीला जातो. अंतर पन्नास किलोमीटरच्या थोडे वर आहे. दोन्ही अंगांना ऊस आणि भात, एका बाजूने नदी. रस्ता सपाट दिसतो, पण तसा नाही. नदी उतरत येते आणि सायकल तिच्या उलट दिशेने जात असते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा चढ पायांना सतत लागत राहतो आणि जाताना वेग का धरत नाही, हे कळत नाही. येताना तोच रस्ता आपणहून पळवतो. मोटारीतून जाणाऱ्याला हा फरक कधीच जाणवत नाही.

या रस्त्याने जाताना नदीवरचे बंधारे लागतात आणि त्यांच्याकडे थांबून पाहायला हवे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यात सर्वत्र चालते. लोक त्याला केटी वेअर म्हणतात. नदीपात्रात ओळीने दगडी खांब उभे असतात आणि खांबांच्या अंगात उभ्या खाचा असतात. पावसाळा संपला, की या खाचांत बरगे घालतात. बरगे म्हणजे एकावर एक बसणाऱ्या फळ्या. त्यांच्या दोन ओळींमधल्या पोकळीत माती ठासून भरली, की पाणी अडते. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून काठावर रचून ठेवतात आणि नदीला वाट मोकळी होते. नदी कायमची न अडवता तिच्याकडून आठ महिने काम करून घेण्याची ही पद्धत आहे. खांबांच्या डोक्यावरून जाणारी अरुंद वाट म्हणजे पलीकडच्या गावाचा रस्ता. एका वेळी बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाईल एवढीच रुंदी, पुष्कळ ठिकाणी कठडाही नाही. हिवाळ्यात सायकलस्वाराला हे बंधारे म्हणजे वरदान, कारण मुख्य रस्ता सोडून नदीच्या दुसऱ्या काठाने परतता येते. पावसाळ्यात हेच बंधारे सर्वांत आधी पाण्याखाली जातात. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. जुलै-ऑगस्टमध्ये मार्ग ठरवण्याआधी त्या दिवशीचा हा आकडा पाहावा. इशारा पातळीच्या आसपास पाणी आले, की जिल्ह्यातले कित्येक छोटे रस्ते बंद झालेले असतात आणि वाहत्या पाण्यातून सायकल घालणे जिवावर बेतते. गुडघाभर पाणीही माणसाला ओढून नेते.

राधानगरी हे गाव आणि धरण दोन्ही कोल्हापूर संस्थानचे राजे शाहू महाराज यांची निर्मिती. आपल्या संस्थानाला पाऊस भरपूर, पण शेतकरी पावसाळ्यानंतर कोरडा, हे त्यांनी पाहिले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी पाटबंधाऱ्यांची पाहणी करून घेतली. भोगावती जिथे दोन डोंगरांमधून बाहेर पडते, त्या फेजिवड्याच्या जागी धरण बांधायचे ठरले. १९०८ मध्ये वसवलेल्या गावाला कन्या राधाबाईंचे नाव दिले. याच राधाबाई पुढे देवासच्या महाराणी झाल्या. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी तो लक्ष्मी तलाव. पहिल्या महायुद्धाच्या काळात काम थबकले. १९२२ मध्ये महाराज गेले. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत काम पुन्हा हाती घेतले गेले आणि स्वातंत्र्यानंतर, १९५४ च्या सुमारास धरण पूर्ण झाले. एका छोट्या संस्थानाने आपल्या खजिन्यातून इतके मोठे धरण आरंभावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आज कोल्हापूरच्या हिरव्या उसाकडे पाहून सगळे समृद्धीचे कौतुक करतात, त्या समृद्धीचे मूळ या भिंतीत आहे.

धरणाची साठवण ८.३६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. याचे वैशिष्ट्य म्हणजे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठराविक पातळीला पोचले, की कुणी बटण न दाबता पाण्याच्याच दाबाने आणि प्रतिवजनाच्या साहाय्याने दरवाजा उघडतो. पातळी उतरली की आपोआप मिटतो. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटते. दरवाजा उघडल्याची बातमी येते, तेव्हा खाली शहरात आता पंचगंगा किती चढेल याचा हिशेब सुरू होतो. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते. रस्त्यावरून आणि पलीकडच्या वळणांवरून जलाशय दिसतो तेवढ्यावर समाधान मानावे. उन्हाळ्यात पाणी उतरले, की शाहू महाराजांनी बांधलेल्या बेनझीर व्हिला या वास्तूचे अवशेष जलाशयात उघडे पडतात.

राधानगरीच्या पुढे रस्त्याचा स्वभावच बदलतो. शेती मागे पडते, झाडी दाट होते आणि हसणे गावावरून दाजीपूरकडे जाणारा रस्ता जलाशयाच्या काठाने वळणे घेत चढू लागतो. जिल्ह्यात इतका सुंदर डांबरी पट्टा दुसरा नाही. डाव्या-उजव्या हाताला झाडांतून पाण्याचे तुकडे दिसतात आणि मध्येच अचानक सगळा जलाशय समोर येतो. हे जंगल कोल्हापूरच्या राजघराण्याचे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ मध्ये दाजीपूर अभयारण्य झाले, ते राज्यातले पहिले मानले जाते. आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश आहे. हे गव्यांचे रान आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे रस्ता ओलांडतात. पूर्ण वाढलेला गवा हजार किलोच्या आसपास भरतो, आणि सायकलचा आवाज नसल्यामुळे तो दचकतो. गवा दिसला की थांबावे, उतरावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवावी आणि तो जाईपर्यंत गप्प उभे राहावे. दिवे मारणे, घंटी वाजवणे, फोटोसाठी पुढे सरकणे यातले काहीही करू नये. अभयारण्याच्या आतल्या कच्च्या वाटा वन खात्याच्या परवानगीशिवाय वर्ज्य आहेत आणि पावसाळ्यात त्या बंदच असतात. रोड सायकलला त्यांची गरजही नाही.

दाजीपूरनंतर फोंडा घाट खाली कोकणात उतरतो. उतरणे सोपे, पण ब्रेकच्या रबराचा कस लागतो आणि परत वर यायचे असते, हे विसरून चालत नाही. बहुतेक लोक दाजीपूरहून मागे फिरतात. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या पुढचा दिवस होतो. ज्यांना दोन दिवस आहेत त्यांनी राधानगरीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दूधगंगेकडे वळावे. काळम्मावाडी धरण २५.३९ टीएमसीचे, म्हणजे राधानगरीच्या तिप्पट. राधानगरीच्या जलाशयाला डोंगर जवळ घेतात, काळम्मावाडीचे पाणी मोकळे पसरते. तिथून सोळांकूर, सरवडे, मुदाळ तिट्टा असा उतार मिळतो. तिट्ट्याजवळ आदमापूरला बाळूमामांचे देवस्थान आहे. तिथे अमावास्येला माणसांचा महापूर असतो, तो दिवस टाळावा. मग मुरगूडचा सर पिराजीराव तलाव पाहून कागलमार्गे शहरात परतता येते. भोगावतीकडून जायचे आणि दूधगंगा-वेदगंगेकडून यायचे, हे दोन दिवसांचे वर्तुळ जिल्ह्यातला सर्वोत्तम सायकलमार्ग आहे.

ऊसपट्ट्यातून जाताना गळीत हंगाम ध्यानात ठेवावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कारखान्यांकडे जाणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते आणि बाहेर आलेले ऊस सायकलस्वाराच्या खांद्याच्या उंचीवर असतात. ट्रॅक्टरच्या आतल्या बाजूने कधीही पुढे जाऊ नये. रात्री अनेक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. रस्त्यावर सांडलेला ऊस चाकाखाली आला, की पातळ टायर सरकतो. याच हंगामाचा दुसरा चेहरा गुऱ्हाळघरांत दिसतो आणि तो पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. चिपाडावर पेटलेले चुलवाण, त्यावर मोठी काहील, उकळत्या रसात रानभेंडीचा चिकट रस टाकून वर आलेली मळी झाऱ्याने काढणे चालू असते. पाक तयार झाला की नाही ते गुळव्या थेंब पाण्यात टाकून बोटांनी दाबून ठरवतो. घड्याळ कुणी पाहत नाही. काहील वाफ्यात उपडी होते, घोटलेला गूळ कापड लावलेल्या साच्यात भरला जातो आणि त्याचा रवा, म्हणजे ढेप, बनतो. पाहुण्याच्या हातावर गरम गूळ किंवा वाटीत काकवी ठेवल्याशिवाय इथले लोक सोडत नाहीत. साठ-सत्तर किलोमीटर पेडल मारून आलेल्या शरीराला याहून योग्य खाणे बाजारातल्या कुठल्याही चकचकीत पाकिटात नाही.

कुंभीचे खोरे गगनबावड्याला नेते. फुलेवाडी, बालिंगा, कळे असा हा सुमारे ५५ किलोमीटरचा रस्ता आहे. बालिंग्याच्या पुलाचा परिसर पुरात लवकर बुडतो. कळ्यापर्यंत वाहतूक असते, त्यानंतर ती विरळ होते आणि सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. कुंभीचे धरण लखमापूरला आहे, साठा २.७१ टीएमसी, छोटे आणि शांत. मुख्य रस्त्यापासून थोडे आत पळसंबे गावाजवळ ओढ्याच्या पात्रात एकसंध खडकांतून कोरलेली छोटी देवळे आहेत. वर झाडांचे छत, खाली वाहते पाणी आणि मध्ये शिखराचा आकार दिलेले सुटे खडक. महाराष्ट्रात लेणी शेकड्यांनी आहेत, पण अशी जागा विरळा. सायकल रस्त्यावर ठेवून थोडे चालावे लागते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या शिरोळला पाचशेच्या आसपास. शंभरेक किलोमीटरांत पावसाचा दहापट फरक, आणि सायकलस्वाराला तो पिकांतून दिसत जातो. गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे. गावातून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. एकाने उतरून दुसऱ्याने चढणे हा इथल्या कसलेल्या सायकलस्वारांचा आवडता खेळ आहे. पावसाळ्यात दोन्ही घाटांत दरडी पडतात, म्हणून हा खेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखावा.

कुंभी आणि भोगावती यांच्या मधले तुळशीचे खोरे सर्वांत छोटे. धामोडचा तुळशी जलाशय ३.४७ टीएमसीचा आहे. कळ्याच्या बाजूने धामोडला चढून राधानगरी रस्त्यावर उतरता येते, आणि खोरे बदलताना काय होते याचा पहिला धडा इथे मिळतो. अंतर थोडे, चढ छोटे पण उभे, रस्ता अरुंद.

कासारीचा रस्ता बाजारभोगाव, करंजफेण करत अणुस्कुऱ्याच्या जुन्या व्यापारी घाटाकडे जातो. गेळवडेचा जलाशय याच खोऱ्यात. उत्तरेला मलकापूर, आंबा आणि विशाळगड. पन्हाळा ते विशाळगड ही वाट १६६० ची आणि ती मसाई पठारावरून, रानातून पायी करायची आहे. दर जुलैला हजारो लोक ती चालतात. सायकलने जायचे तर मलकापूरमार्गे पांढरेपाणीपर्यंत जावे आणि तिथून पावनखिंडीत उतरावे. आता तिथे पायऱ्या आणि रेलिंग आहे. तरीही पावसात ओढ्याचा आवाज वाढला, की थोड्या माणसांनी मोठी फौज तासन् तास कशी रोखली असेल, ते जागाच सांगते.

दक्षिणेकडे वेदगंगेच्या उगमाजवळ पाटगाव आहे. मौनी महाराजांचा मठ, ३.७१ टीएमसीचा मौनी सागर जलाशय आणि ‘मधाचे गाव’ ही अलीकडची ओळख. गारगोटीहून पाटगावपर्यंतचा रस्ता शांत आहे. वाटेत भुदरगड दिसतो, आणि रांगणा किल्ल्याला जाणारे पाटगावाच्या बाजूनेच पुढे चालत जातात. मुक्कामाची सोय आधी करून ठेवावी आणि सुट्या ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप सोबत घ्यावा. गारगोटीपलीकडे रोड सायकलचे टायर दुरुस्त करणारे दुकान मिळेलच असे नाही.

लांब पल्ल्याची आवड असलेले लोक हीच खोरी जोडून २०० किलोमीटरचे ब्रेव्हे करतात. ब्रेव्हे ही शर्यत नसते, ठरलेल्या वेळेत अंतर पुरे करायचे असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. ही पद्धत फ्रान्समधून आली. कोल्हापूरच्या भूगोलात ती चांगली बसते, कारण एका दिवसात सपाटी, खोरे, घाट असे सगळे येते. कंपॅक्ट क्रँक आणि मागे ३२ किंवा ३४ दातांची चकती असली, की नवशिक्यालाही घाट आवाक्यात येतात. २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर घ्यावेत. डांबराचा भरवसा गावागणिक बदलतो.

पूर्वेकडचा मार्ग या साऱ्यांच्या उलट, पूर्ण सपाट आणि पाण्याबरोबर वाहणारा. पंचगंगा सह्याद्रीकडून आणलेले सारे पाणी घेऊन नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. रुकडी, इचलकरंजी, कुरुंदवाड असे गेले, तर महामार्गाचा त्रास कमी होतो. इचलकरंजीत यंत्रमागांची खडखड रस्त्यापर्यंत येते. नृसिंहवाडीला, म्हणजे वाडीला, दत्ताच्या पादुका संगमाच्या काठी आहेत. पुराचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेकडे वाहते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. ज्या पाण्याने वरचे रस्ते बंद होतात, त्याच पाण्यात इथे लोक स्नानाला येतात. वाडीहून खिद्रापूर सुमारे १७ किलोमीटर. कोपेश्वराचे शिलाहारकालीन मंदिर बाराव्या शतकातले आहे; यादव राजा सिंघणाचा १२१४ च्या सुमाराचा शिलालेख तिथे आहे. स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि छताला मधोमध वर्तुळाकार मोकळी जागा. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या वर्तुळाच्या बरोबर वर येतो, तेव्हा गर्दी होते. शिल्पे निवांत पाहायची तर इतर कोणत्याही दिवशी सकाळी आठच्या सुमारास जावे. बाहेरच्या भिंतीच्या तळाशी ओळीने हत्ती आहेत आणि प्रत्येकाची सोंड, अलंकार, पावले वेगळी. त्यांच्यापाशी वाकून पाहण्यात अर्धा तास सहज जातो. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शिव आणि विष्णू, शेजारी आहेत आणि समोर नंदी नाही.

मंदिरापलीकडे कृष्णा आणि नदीपलीकडे कर्नाटक. कोल्हापूरहून निघून खिद्रापूर पाहून परत यायचे, तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर होते. दुपारी पश्चिमेचा वारा समोरून येतो. सपाट रस्त्यावरचा हा वारा अनेकांना पन्हाळ्याच्या घाटापेक्षा जड जातो. त्यामुळे पहाटे पाचला निघून अकराच्या आत परतीचा रस्ता धरावा. ज्यांना तेवढेही नको, त्यांनी जयसिंगपूर गाठावे. शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने १९१७ मध्ये आखून वसवलेले हे गाव रेल्वेमार्गावर आहे. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ पासून चालू आहे आणि सायकल सामान म्हणून नोंदवून तासाभरात शहरात पोचता येते.